घरदुरुस्ती : कारागीर नाक्यावरचा, परवाना कोणाचा?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत रंगारी, गवंडी, प्लंबर नाक्यावर सहज मिळतात. रंगकामाला वा नळदुरुस्तीला ते पुरेसे असले, तरी खांब, तुळया, वायरिंग आणि अग्निशमन यंत्रणेचे काम त्यांच्यावर सोपवू नये. घाटकोपर येथील सिद्धिसाई इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला होता.

भिंत पाडण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी सल्ला घ्यावा. सोसायटी आणि महापालिकेची परवानगी लागते का, याचीही खात्री करावी. वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व एमसीबीसोबत आरसीसीबी बसवावा.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, अग्निशमन यंत्रणा बंधनकारक असलेल्या इमारतींना ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते.

काम देण्यापूर्वी परवान्याची मुदत तपासावी, अंदाजपत्रक लेखी घ्यावे आणि पावती जपून ठेवावी. जिन्यात राडारोडा वा जुने फर्निचर साठू देऊ नये. आगीच्या वेळी सुटकेची वाट तीच असते.