तारामतीचे काम

वाचकहो, गावच्या जत्रेतल्या नाटकात मिशी काढून, लुगडे नेसून उभा राहिलेला एखादा स्त्रीपार्टी तुम्ही पाहिला असेल, निदान वडीलधाऱ्यांकडून ऐकला तरी असेल. आपल्या सिनेमाची सुरुवात अशाच एका लुगड्यापासून झाली. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. फाळके वेश्यावस्तीतही विचारून आले, तिथेही नकारच. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. विद्यार्थ्यांना हे सांगितले की वर्गात आधी हशा होतो, मग सगळे गप्प होतात.

तिकडे फ्रान्समध्ये याच्या नेमके उलट! सारा बर्नार्ड ही तिथली थोर नटी. तिने १८९९ साली रंगभूमीवर हॅम्लेट या राजपुत्राचे काम केले आणि १९१२ साली ती राणी एलिझाबेथ होऊन पडद्यावर आली.

आपल्याकडेही १९१३ सालीच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. पण ‘घरंदाज’ म्हणवणाऱ्या घरांचे दार बंदच राहिले. ते ढकलले दुर्गाबाई खोटे यांनी. वडील लाड हे मुंबईचे सॉलिसिटर, स्वतः सेंट झेवियर कॉलेजात शिकलेल्या, सासर श्रीमंत. पण सासरचा पैसा गेला, पदरी दोन मुले. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी छोटे काम केले. चित्रपट हिणकस निघाला आणि लोकांनी नावे ठेवली ती बाईंना!

दुसरी एखादी घरी बसली असती. दुर्गाबाई मात्र कोल्हापूरला ‘प्रभात’मध्ये गेल्या. १९३२ साली शांतारामबापूंच्या ‘अयोध्येचा राजा’त तेच काम त्यांच्याकडे आले. तारामतीचे! चित्रपट मराठी आणि हिंदी असा दुहेरी, म्हणजे काम दोनदा करायचे. पार्श्वगायनही तेव्हा आले नव्हते. नटीने कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचे, तेही गोविंदराव टेंब्यांसारख्या जाणत्या गवयासमोर, कारण हरिश्चंद्र तेच होते. हा चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला आणि कालची निंदा विरून गेली.

पुढे १९३६ साली ‘अमरज्योती’त त्या चाचेगिरी करणारी सौदामिनी झाल्या. रंगभूमीही त्यांनी सोडली नाही. साहित्य संघाच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई उभी केली. आमच्या अंधेरीला मोहन स्टुडिओ होता. ‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल तिथेच उभारला होता. १९६० साली आलेल्या त्या चित्रपटात नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये सापडलेली जोधाबाई म्हणजे दुर्गाबाई. मला विचाराल तर तारामतीपेक्षाही हे काम अवघड. संवाद थोडे, सोसणे फार.

१९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. तारामतीसाठी बाई शोधत वणवण फिरलेल्या त्याच फाळक्यांच्या नावाचा. १९९१ साली त्या गेल्या. त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र शाळेच्या कपाटात असेल, तर गुरुजी, या आठवड्यात ते जरूर बाहेर काढा.