दोन चेरोकी संपादक

वाचकहो, १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढले, मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याच्या चार वर्षे आधी, २१ फेब्रुवारी १८२८ रोजी, अमेरिकेत न्यू एकोटा या गावी असेच एक द्वैभाषिक पत्र निघाले होते. नाव 'चेरोकी फीनिक्स'. तिथल्या मूळ रहिवाशांचे हे पहिले वृत्तपत्र.

हे जमलं कसं? सिक्वोया नावाच्या चेरोकी कारागिराने, स्वतःला इंग्रजी वाचता येत नसताना, वर्षानुवर्षे खटपट करून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेची लिपी सिद्ध केली. तिचे खिळे बॉस्टनला ओतवून आणले. संपादक झाला इलायस बूडिनॉट हा चेरोकी तरुण.

जॉर्जिया सरकारचा डोळा चेरोकींच्या जमिनीवर होता. जमीन सोडायची की ठाण मांडून बसायचं? बूडिनॉटला वाटू लागले की, आता जाण्यावाचून गत्यंतर नाही. निदान दोन्ही बाजू छापू द्या. प्रमुख जॉन रॉस याने ते मानले नाही. १८३२ मध्येच बूडिनॉटने राजीनामा दिला. १८३५ मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी छापखानाच उचलून नेला. त्याच वर्षी बूडिनॉटच्या पक्षाने स्थलांतराचा करार केला. १८३८-३९ च्या त्या वाटचालीत हजारो माणसं दगावली. १८३९ मध्ये बूडिनॉट आणि त्याचा सोबती जॉन रिज यांना स्वकीयांनीच ठार केले.

रिजचा १२ वर्षांचा मुलगा जॉन रॉलिन हे पाहत होता. तोच पुढे कॅलिफोर्नियात गेला आणि १८५७ मध्ये 'सॅक्रॅमेंटो बी' या गोऱ्यांच्या दैनिकाचा पहिला संपादक झाला. केवढी मजल! पण कॅलिफोर्नियातील आदिवासींविषयी लिहिताना त्याच्या लेखणीत कणव होती, तशी तुच्छताही होती.

म्हणजे पाहा, एकाला आपल्या माणसांचं पत्र मिळालं, पण मोकळीक मिळाली नाही. दुसऱ्याला खुर्ची मिळाली, पण तिच्यासमोरचा वाचक परका होता. आदिवासी माणूस वृत्तपत्राच्या कचेरीत शिरला की काम संपलं, असं आपण समजतो. ते तिथे सुरू होतं.

'चेरोकी फीनिक्स' आजही ओक्लाहोमातून निघते. २००० साली चेरोकी राष्ट्राने वृत्तपत्र-स्वातंत्र्याचा कायदा केला. बूडिनॉटने जे मागितले, ते द्यायला १६८ वर्षे लागली.