उन्हाळा, ओली काच आणि क्लबातली खुर्ची

मे महिना चालू आहे. कुठल्याही हौशी फोटोग्राफी क्लबच्या ग्रुपवर डोकावून बघा. कुणी भंडारदऱ्याच्या काजव्यांची ट्रिप ठरवतंय, कुणी फुललेल्या बहाव्याचे फोटो टाकतंय, तर कुणी 'पहाटे साडेपाचला जमायचं, उशीर करणाऱ्याला सोडून जाणार' अशी तंबी देतंय. हे सगळं अलीकडचं खूळ आहे असं वाटत असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठी आहे. आपल्या मुंबईत असा क्लब ऑक्टोबर १८५४ मध्ये निघाला होता.

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे हे त्याचं नाव. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ची, म्हणजे मुंबई फार मागे नव्हती. कलकत्ता आणि मद्रास इथल्या सोसायट्या आल्या १८५६ मध्ये. सभासद कोण होते? लष्करातले कप्तान, सरकारी नोकर, डॉक्टर. बहुतेक सगळे इंग्रज आणि बहुतेक सगळे हौशी. पोटापाण्याचा धंदा वेगळा, फोटो हा नाद.

आता हा नाद मुंबईच्या उन्हाळ्यात किती महाग पडत असेल ते बघा. त्या काळातली नवी पद्धत म्हणजे ओल्या काचेची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ती १८५१ मध्ये जाहीर केली आणि पेटंट न घेता सगळ्यांना खुली ठेवली. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो काढायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची. काच वाळली की फोटो गेला. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांत उरकायचं.

गोम अशी की कलोडियनमध्ये असतं ईथर आणि ईथर साधारण ३५ अंशांनाच उकळतं! मुंबईतली मेची दुपार त्याच्या जवळपास पोचते. म्हणजे काचेवर ओतता ओतताच द्रावण उडून जायचं. त्यात काळ्या कापडाचा बंद तंबू, आत ईथरचा वास आणि अंगाला घामाच्या धारा. म्हणून बरेच जण मेण लावलेल्या कागदाची पद्धत धरून बसले. कागद आधी तयार करून ठेवता यायचा आणि फोटो काढल्यावर सावकाश घरी येऊन धुता यायचा. चित्र काचेइतकं स्वच्छ येत नसे, पण निदान हाती लागायचं.

अशा वेळी क्लब कामाला येतो. रसायनं कुठून मागवायची, उन्हाळ्यात प्रमाण किती ठेवायचं, काच का काळवंडते, हे एकट्याने शोधत बसलो तर आयुष्य जाईल. चार जण एकत्र आले की एकाची चूक दुसऱ्याच्या कामी येते. सोसायटीने स्वतःचं जर्नल काढलं. तिच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. त्यात छापील चित्रं नव्हती, खरे फोटो चिकटवलेले असायचे. नावातच 'हौशी' आहे, बघा!

पण त्या अल्बममध्ये एक गोष्ट टोचते. फोटोतल्या आपल्या माणसांना बहुधा नाव नाही. खाली लिहिलंय ते जात किंवा जमात. समोर बसलेला माणूस म्हणजे 'नमुना'.

म्हणूनच सभासदांच्या यादीतली मोजकी देशी नावं महत्त्वाची ठरतात. डॉ. भाऊ दाजी लाड त्यात होते. होय, भायखळ्याच्या राणीबागेतल्या संग्रहालयाला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर बसले. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५च्या सुमारास फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. म्हणजे आपली माणसं कॅमेऱ्याच्या समोरून मागे गेली.

मग क्लबात सगळे समान झाले का? याचं उत्तर कलकत्त्यात मिळालं, तेही ऐन उन्हाळ्यात.

एप्रिल १८५७. गावोगावच्या गोऱ्यांनाही कंपनीच्या फौजदारी कोर्टांपुढे उभं करावं, असा कायद्याचा मसुदा आला होता आणि गोरे भडकले होते. मसुद्याच्या बाजूने कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये सभा झाली. तिथे राजेंद्रलाल मित्र बोलले. मोठे संस्कृत पंडित, पुरातत्त्वाचे अभ्यासक आणि तिथल्या फोटोग्राफिक सोसायटीचे पदाधिकारी. नीळ पिकवणाऱ्या गोऱ्या मळेवाल्यांवर त्यांनी सडकून टीका केली. झालं! क्लबातल्या गोऱ्यांना ते झोंबलं आणि त्याच वर्षी मित्रांना सोसायटीतून काढून टाकण्यात आलं.

त्यांच्या फोटोंबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती क्लबाबाहेर केलेल्या भाषणाबद्दल. सभेनंतर साधारण महिन्याभराने मेरठला ठिणगी पडली, ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. ही छोटी गोष्ट मात्र आपण विसरतो.

त्याच काळात इकडे नारायण दाजी मंडळावर होते. म्हणून मुंबईचे साहेब थोर आणि कलकत्त्याचे वाईट, असं म्हणायची घाई नको. मुंबईत तशी कसोटीच लागली नाही, असंही असू शकतं. एक मात्र खरं: ईथरवर, उन्हावर, काळवंडलेल्या काचेवर उपाय सापडला. सोबत बसलेला माणूस आपल्याविरुद्ध बोलला तर त्याची खुर्ची ठेवायची की नाही, याचं द्रावण कुठल्याच जर्नलात छापून आलं नाही.

आणि मित्रांचं काय झालं? १८८५ मध्ये ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. खुर्ची मिळाली, फक्त दुसऱ्या सभागृहात.

तर उद्या पहाटे साडेपाचला क्लबबरोबर निघाल तेव्हा भरपूर पाणी घ्या, टोपी घ्या. आणि ग्रुपवर कुणाशी वाद झालाच, तर 'रिमूव्ह' दाबण्याआधी राजेंद्रलाल मित्रांना एकदा आठवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर, नमस्कार!