मद्यविकारांचे कोडिंग

मद्यविकारांचे कोडिंग : दारूशी निगडित आजारांविषयी डॉक्टरांनी केलेल्या नोंदी वाचून प्रत्येक निदानाला ठरलेला सांकेतिक क्रमांक देण्याची पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, या विकारांसाठी एफ१० हा गट आहे. अमेरिकेने या आवृत्तीचे स्वतःचे विस्तारित रूप, आयसीडी-१०-सीएम, १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केले. विमा कंपनीकडून रुग्णालयाला मिळणारे पैसे, आजारांची आकडेवारी आणि रुग्णाच्या कायमच्या नोंदीवर बसणारा शिक्का, हे तिन्ही या क्रमांकांवर ठरतात.

अमेरिकी पद्धतीत तीन पायऱ्या आहेत : अब्यूज, म्हणजे दुरुपयोग (एफ१०.१), डिपेन्डन्स, म्हणजे अवलंबित्व (एफ१०.२) आणि नुसता यूज, म्हणजे वापर (एफ१०.९). एकाच रुग्णाच्या कागदांत डॉक्टरांनी यातले दोन वेगळे शब्द लिहिले, तर वरची पायरी ग्राह्य धरायची. अब्यूज आणि डिपेन्डन्स दोन्ही लिहिलेले असतील तर फक्त डिपेन्डन्सचा क्रमांक द्यायचा. ‘कधीमधी घेतो’ एवढ्यावर मात्र एफ१०.९ लावता येत नाही. त्या पिण्याशी जोडलेला शारीरिक किंवा मानसिक विकार डॉक्टरांनी नोंदवलेला असावा लागतो.

गोंधळाचे मूळ मानसोपचारात आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निदानपुस्तिकेने अब्यूज आणि डिपेन्डन्स हा भेदच काढून टाकला आणि ‘अल्कोहोल यूज डिसऑर्डर’ हे एकच निदान ठेवले. बारा महिन्यांत ११ पैकी २ किंवा ३ लक्षणे दिसली तर सौम्य, ४ किंवा ५ दिसली तर मध्यम, ६ किंवा अधिक दिसली तर तीव्र. क्रमांकांचे कोष्टक मात्र जुन्या भाषेतच राहिले. त्यामुळे सौम्य विकार एफ१०.१०कडे आणि मध्यम व तीव्र दोन्ही एफ१०.२०कडे पाठवले जातात. डॉक्टरने तीव्रता लिहिलीच नाही, तर कोडर, म्हणजे क्रमांक देणारा, अडकतो.

आणि अडकणेच त्याच्याकडून अपेक्षित आहे, कारण निदान करण्याचा अधिकार त्याला नाही. समजा, नर्सने रक्तातील अल्कोहोल १०० मिलिलीटरला २६० मिलिग्रॅम असल्याचे टिपले आहे, रुग्णाचे हात थरथरत आहेत, डायझेपाम चालू आहे. पण डॉक्टरांच्या नोंदीत फक्त ‘पोटदुखी, मद्यपानाचा इतिहास’ एवढेच आहे. चित्र आंधळ्यालाही दिसावे असे आहे, तरी कोडरला विथड्रॉवलचा, म्हणजे दारू तुटल्यावर उठणाऱ्या त्रासाचा, क्रमांक देता येत नाही. नर्सने टिपलेली अल्कोहोलची पातळी वाय९० गटात नोंदवता येते, तीही डॉक्टरांनी संबंधित निदान लिहिले असेल तरच. मग डॉक्टरांना लेखी विचारणा जाते. तिला ‘क्वेरी’ म्हणतात. ‘हा विथड्रॉवलच आहे ना?’ असे उत्तर सुचवणारे वाक्य तिच्यात चालत नाही. लक्षणे मांडून त्यांचा अर्थ काय, एवढेच विचारायचे.

विथड्रॉवलच्या नोंदीत तपशिलाला सर्वाधिक किंमत आहे. शेवटचा घोट कधी घेतला, हे डॉक्टरने लिहायलाच हवे. थरथर, घाम, अस्वस्थता साधारण सहा ते चोवीस तासांत सुरू होते. भ्रम आणि भास घेऊन येणारा, प्रसंगी जिवावर बेतणारा डिलिरियम बहुधा दोन ते चार दिवसांनी येतो. साधा विथड्रॉवल एफ१०.२३०, डिलिरियमसह एफ१०.२३१ : फरक एका अंकाचा, पण रुग्णाच्या प्रकृतीत जमीनअस्मानाचा. अब्यूजच्या रुग्णाला विथड्रॉवल होऊ शकतो, हे कोष्टकाने १ ऑक्टोबर २०२० पर्यंत मानलेच नव्हते. त्या दिवशी एफ१०.१३ची भर पडली.

सोडलेल्या दारूचीही नोंद होते. दहा वर्षे थेंबही न घेतलेल्या माणसाबद्दल ‘पूर्वी डिपेन्डन्स होता’ असे लिहिले, तर सूची कोडरला ‘डिपेन्डन्स, रेमिशनमध्ये’ या एफ१०.२१कडेच नेते. वैद्यकीयदृष्ट्या याला आधार आहे, पण त्या माणसाला ते खटकले तर नवल नाही.

यकृताच्या बाबतीत एका विशेषणाने क्रमांक बदलतो. नुसते ‘सिरोसिस’ लिहिले की के७४.६०, ‘अल्कोहोलिक सिरोसिस’ लिहिले की के७०.३०, आणि पोटात पाणी असेल तर के७०.३१. त्याच्या जोडीला एफ१०चा क्रमांक द्यावा अशी सूचनाही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मूळ आयसीडी-१० मध्ये एफ१०.१ला अब्यूज नव्हे, ‘हानिकारक वापर’ म्हटले आहे. डिपेन्डन्सच्या तिथल्या व्याख्येमागे ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि मिल्टन ग्रॉस यांनी १९७६ मध्ये मांडलेली लक्षणसमूहाची कल्पना आहे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ मध्ये हे विकार ६सी४० या क्रमांकाखाली आहेत. तिथे हानिकारक वापराचा एखादाच प्रसंग आणि सततची सवय वेगळी केली आहे. अमेरिका अजून जुन्याच कोष्टकावर आहे, म्हणून तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी वाचणारे पुण्यातले आणि नवी मुंबईतले कोडर रोज एफ१०च गिरवतात.

इथल्या केसपेपरवर प्रमाणाची नोंद ही वेगळीच अडचण आहे. ‘रोज एक क्वार्टर’ म्हणजे ४२.८ टक्क्यांच्या दारूचे १८० मिलिलीटर, सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. अमेरिकी मोजमापात, जिथे एक ‘ड्रिंक’ १४ ग्रॅमचे धरतात, ते चार ड्रिंक्सहून अधिक होते. ‘अधूनमधून घेतो’ या नोंदीतून यातले काहीच कळत नाही.

पण सविस्तर लिहिण्याची किंमत भारतात रुग्णाला मोजावी लागू शकते. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्यविम्यातील अपवादांची भाषा एकसारखी केली. त्यातला बारावा अपवाद मद्यासह सर्व व्यसनांवरच्या उपचारांचा आणि त्यांच्या परिणामांचा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मात्र मद्याच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना मानसिक आजार मानतो आणि अशा आजारांना शारीरिक आजारांच्याच पायावर विमा द्यावा असे सांगतो. डिस्चार्ज समरीतली दारूविषयीची ओळ क्लेमच्या टेबलावर पोचते तेव्हा हे दोन्ही नियम एकाच वेळी लागू असतात.