बारा हजार रुपयांची सरहद्द

भारताची भूसीमा १५,१०६.७ किलोमीटर लांबीची आहे आणि ती सात देशांना भिडते. बांगलादेशाशी सर्वांत लांब, ४,०९६.७ किलोमीटर, तर अफगाणिस्तानाशी सर्वांत आखूड, अवघी १०६ किलोमीटर, आणि तीही पाकिस्तानने व्यापलेल्या काश्मीरच्या टोकाला. महाराष्ट्राचा या सात देशांपैकी एकाशीही स्पर्श होत नाही. त्यामुळे सरहद्द म्हटली की आम्हां पालघर-बोईसरकडच्या माणसांना वाघा, नथु-ला, सियाचीन आठवते. ती कुठेतरी दूर, बर्फात नाही तर वाळवंटात असायची, अशी आपली समजूत.

पण देश स्वतंत्र झाला तेव्हा भारताला जमिनीवरचा आणखी एक शेजारी होता, आणि तो आमच्या दाराशी होता. बोईसरहून उत्तरेकडे निघालेली गाडी वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड, संजाण, भिलाड अशी स्टेशने घेत वापीला पोचते. या वापीच्या पश्चिमेला दमण आणि पूर्वेला दादरा व नगर हवेली. १९५४ पर्यंत हे तिन्ही प्रदेश पोर्तुगालचे होते. दमण तर १९६१ पर्यंत. आजच्या तलासरी तालुक्याचे रान जिथे संपते तिथे लिस्बनची सत्ता सुरू होत असे.

ही सरहद्द कुठून आली, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. मी पेशाने इतिहासकार नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीत नोकरी करता करता, सुट्टीच्या दिवशी किल्ले हिंडताना वाचनाची सवय लागली आणि चाळिशी उलटल्यावर मोडी गिरवली. या वाचनातून जे हाती आले त्याचा सारांश असा: ही सरहद्द जन्मली तेव्हा सरहद्द नव्हतीच. ती वसुलाची एक नेमणूक होती, वार्षिक बारा हजार रुपयांची, आणि ती पुणे दरबाराने करून दिली होती. त्या नेमणुकीची सरहद्द कशी झाली आणि पुढे ती कशी पुसली गेली, याची ही हकीकत आहे.

हद्द नव्हे, वाटा

पोर्तुगीजांनी १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळवली आणि १५५९ मध्ये दमण घेतले. वसई ते दमण या पट्ट्यात त्यांनी ठाणी बसवली. केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू ही किनाऱ्यावरची, तर मनोर आणि अशेरी ही आतली. आज नकाशा काढला तर आपण या पट्ट्याभोवती एक रंगीत रेघ ओढू. त्या काळी अशी रेघ नव्हती. किनाऱ्यावर पोर्तुगीज, डोंगरात जव्हारचे कोळी राजे आणि उत्तरेला रामनगरचे राजे, ज्यांचे राज्य पुढे धरमपूर म्हणून ओळखले गेले. मधली गावे कोणाची, या प्रश्नाला एकच उत्तर नसे.

दमण परगण्यातल्या गावांकडून रामनगरचा राजा वसुलाचा काही हिस्सा घेत असे. त्याने लूट करू नये आणि इतरांना करू देऊ नये, म्हणून तो द्यायचा. या हिश्शाला ‘चौथ’ म्हणत. प्रत्यक्षात तो गावागणिक कमीजास्त असे. दमण घेतल्यावर पोर्तुगीजांनीही तो देणे चालू ठेवले. त्यांच्या कागदांत या राजाचा उल्लेख ‘चौथिया’ असाच येतो. युरोपातले एक बलाढ्य राज्य एका डोंगरी राजाला आपल्याच गावांबद्दल दरसाल पैसे मोजत होते, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटत नव्हते.

१६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार आणि रामनगर घेतले, तेव्हा शिवाजी महाराजांनी दमणच्या पोर्तुगीजांकडे हीच चौथ मागितली. रामनगर आमचे झाले, तेव्हा रामनगरचा हक्कही आमचा, असा तो सरळ युक्तिवाद होता. मराठ्यांच्या चौथाईचे मूळ या रामनगरी वहिवाटीत आहे, असे मत सुरेंद्रनाथ सेन यांनी मांडले. पुढे ज्या शब्दाने दिल्लीपर्यंत धास्ती घातली, त्याचा उगम आपल्या शेजारच्या डोंगरात आहे, हे आमच्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळात राज्य म्हणजे जमिनीवरची रेघ नसून उत्पन्नातला वाटा. एकाच गावावर तिघांचे वाटे असू शकत आणि तिघेही आपापल्या परीने धनी असत.

तारापूर ते पुणे

चिमाजी अप्पांच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी पडली. तारापूरची झुंज मोठी हातघाईची झाली. बाजीरावांचे जिवलग बाजी भीवराव रेठरेकर तिथेच कामी आले. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तरेकडचा पोर्तुगीज प्रदेश संपला. उरले ते फक्त दमण. तारापूरचा किल्ला पुढे तारापूरच्याच विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थांना पेशव्यांकडून इनाम मिळाला. म्हणजे ज्या तटावर मराठ्यांनी रक्त सांडले तोसुद्धा इनामात देता येत होता. त्यामुळे तो मराठी राज्याबाहेर गेला असे कोणी म्हटले नाही. पुढच्या हकीकतीची किल्ली या गोष्टीत आहे.

चाळीस वर्षांनी चित्र पालटले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांचा पराभव झाला, तरी युद्ध संपले नव्हते. सवाई माधवराव लहान, कारभार नाना फडणिसांच्या हाती. अशा वेळी पोर्तुगीज इंग्रजांना मिळू नयेत, ही पुण्याची गरज होती. डिसेंबर १७७९ मध्ये पेशवे आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्याच्या सतराव्या कलमात पोर्तुगीजांच्या स्नेहाबद्दल दमण परगण्यातली बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. सांताना नावाचे पोर्तुगीज जहाज मराठी आरमाराने पकडले होते, त्याची ही भरपाई, असेही कारण सांगतात.

कलम झाले तरी गावे लगेच मिळाली नाहीत. साल्बाईचा तह होऊन इंग्रजांशी युद्ध थांबले आणि त्यानंतर, १७८३ मध्ये, नगर हवेलीची सनद निघाली. तेवढ्याने बारा हजारांची भरती होईना, म्हणून १७८५ मध्ये दादराही दिले गेले. लक्षात घ्या, मोजमाप चौरस कोसांत नव्हते. ते रुपयांत होते. बेरीज जुळेपर्यंत गावे टाकत गेले आणि जुळल्यावर थांबले. दादरा आणि नगर हवेली एकमेकांना लागून का नाहीत, दमणपासून तुटून का पडले आहेत, हे कोडे नकाशा पाहून सुटत नाही. जमाखर्च पाहिला की सुटते.

वाट्याची रेघ झाली

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रज आले. त्यांना या गावांत पोर्तुगीज पूर्ण अंमल गाजवताना दिसले. सनदा उकरून काढून, हा सरंजाम आहे, मूळ धनी आता आम्ही, असे इंग्रज म्हणू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. लिस्बन हे लंडनचे जुने मित्र. बहात्तर जंगली गावांसाठी कोण वाद घालणार? आणि मग मोजणी, नकाशे, जकात, अबकारी यांचे शतक सुरू झाले. नकाशावर वाटा दाखवता येत नाही, फक्त रेघ दाखवता येते. रेघेच्या या बाजूला इंग्रज, त्या बाजूला पोर्तुगीज. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारात एकाच्या सशस्त्र दलाने दुसऱ्याच्या हद्दीत मागितल्याशिवाय शिरू नये, असेही लिहिले गेले. सनदेतली नेमणूक आता परदेश झाली होती.

हा प्रकार फक्त आपल्याकडे घडला असे नाही. कूचबिहारचे राजे आणि मोगल यांच्यातल्या अशाच गुंतलेल्या महसुली हक्कांतून भारत-बांगलादेश सीमेवरचे ‘छिटमहल’ तयार झाले. बुद्धिबळाच्या पटावर गावे पणाला लावली गेली, अशी दंतकथा तिथे सांगतात. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे १११ आणि बांगलादेशाचे ५१ तुकडे एकमेकांत विलीन झाले, तोवर तिथल्या माणसांना शेजारच्या बाजारात जाणे म्हणजे परदेशगमन होते. आमच्याकडची गुंतागुंत लहान, पण जात तीच. आजही नगर हवेलीच्या पोटात मेघवाळ नावाचे गाव आहे आणि ते गुजरातचे आहे.

१९५४ चा पावसाळा

२२ जुलै १९५४ रोजी युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या कार्यकर्त्यांनी फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्या नेतृत्वाखाली दादरा मुक्त केले. त्यात पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारिओ मारले गेले. २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमांतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक यात होते. संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच एक, हे मराठी वाचकाला सांगायला नको. दुसऱ्या बाजूने कम्युनिस्ट कार्यकर्ते आणि लाल बावट्याखाली संघटित झालेले वारली पुढे सरकले. १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या या माणसांना मधली रेघ कधीच पटली नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांचीच भावकी होती.

पोर्तुगीज अधिकारी कॅप्टन फिदाल्गो आपल्या शिपायांसह खानवेलच्या रानाकडे हटत गेला आणि ११ ऑगस्टला उधवा इथे भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा म्हणजे आजच्या तलासरी तालुक्यातले गाव. साडेचारशे वर्षे चाललेल्या साम्राज्याचा भारतातला पहिला मोहरा आपल्या जिल्ह्याच्या मातीत गळाला.

त्यानंतरची सात वर्षे आणखी चमत्कारिक. हा प्रदेश पोर्तुगालचा उरला नाही आणि भारताचाही झाला नाही. ‘वरिष्ठ पंचायत’ कारभार पाहत होती. पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून टपाल चालत होते. कारण प्रकरण हेगला गेले होते.

हेगमध्ये मराठी शब्द

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला आणि २२ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. दमणहून आमच्या अंतर्गत प्रदेशात जायचा हक्क भारताने अडवला, ही तक्रार. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. भारताच्या वतीने नेमलेले न्यायाधीश महंमद करीम छागला होते.

जाण्यायेण्याचा हक्क ठरवायचा तर आधी गावे कोणाची हे पाहायला हवे. त्यासाठी १७७९ चा तह आणि पुढच्या सनदा न्यायालयापुढे आल्या. युरोप, आशिया, अमेरिकेतले न्यायाधीश ‘जहागीर’ आणि ‘सरंजाम’ या शब्दांचा अर्थ लावू लागले. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने नमूद केले की मराठ्यांना सार्वभौमत्व द्यायचे असे तेव्हा ते कायमचे, निर्वेध, अशा स्पष्ट शब्दांत देत. या कागदांत तसे शब्द नाहीत. दिला गेला तो बारा हजारांचा महसुली सरंजाम, आणि अशा देणगीला प्रदेशाचे दान समजल्याचे एकही उदाहरण न्यायालयापुढे आले नाही.

निकाल मात्र तेवढ्यावर थांबला नाही. मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नसले तरी इंग्रजांनी ते गृहीत धरले आणि तेच पुढे भारताकडे आले, असे न्यायालय म्हणाले. म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाट मिळण्याचा हक्क पोर्तुगालला १९५४ मध्ये होता, हे अकरा विरुद्ध चार मतांनी मान्य झाले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारांना तो नव्हता, हे आठ विरुद्ध सात, म्हणजे एकाच मताच्या फरकाने ठरले. आणि तिथल्या तणावाच्या परिस्थितीत वाट रोखून भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी. ११ ऑगस्ट १९६१ रोजी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसाचा पंतप्रधान करून विलीनीकरणावर सही घेण्यात आली आणि दहाव्या घटनादुरुस्तीने हा प्रदेश भारतात आला. त्याच डिसेंबरात दमणही मुक्त झाले.

शब्दांच्या बाहेर राहिलेले

या निकालातून मला जे दिसते ते असे. पुण्याच्या कारकुनाने लिहिलेला शब्द नेमका होता. चूक घडली ती तो शब्द न वाचता फक्त वहिवाट पाहणाऱ्यांकडून, आणि त्या न वाचण्यापायी बहात्तर गावांनी दीडशे वर्षे परकी सत्ता सोसली. मोडी वाचणारे आज जिल्ह्यागणिक बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. तालुक्याच्या रेकॉर्ड रूममध्ये आणि जुन्या घरांच्या माळ्यावर पडलेले कागद आपण जुनेपुराणे समजतो; त्यांतला एखादा शब्द उद्या कोणाच्या जमिनीचा निकाल लावेल, सांगता येत नाही.

पण तेवढेच म्हटले तर गोष्ट अर्धी राहील. या गावांतून बारा हजार रुपये उभे करणारे वारली, कोकणा, धोडिया, काथोडी कोणत्या कलमात आहेत? चौथ त्यांच्या पिकातून गेली, सरंजामही त्यातूनच गेला, आणि त्यांना कोणी विचारले नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र-गुजरात झाले तेव्हाही उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचा पुढे तलासरी महाल झाला. वारली बोली मात्र दोन्हीकडे आणि दादरा-नगर हवेलीतही तीच राहिली. दाखला कोणत्या भाषेत मिळवायचा आणि पोराला कोणत्या शाळेत घालायचे, एवढाच फरक. तलासरीतल्या वेवजीची आणि शेजारच्या सोळसुंब्याची हद्द कुठे, यावर अलीकडेपर्यंत तक्रारी आणि मोजणीच्या मागण्या चालू होत्या.

म्हणून मला वाटते, सीमेचा इतिहास लिहिताना रेघ कुठे आहे हे विचारण्याआधी तिच्या दोन्ही बाजूंचा वसूल कोणाच्या घरी जात होता, हे विचारावे. रेघ नंतर येते. धान्य आधी उचलले जाते.