हिरण्यकशिपूचे कुंडल

वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात, छापील प्रतींतून ‘प्रक्षिप्त’ म्हणून वेगळे काढून दिलेल्या काही सर्गांत, रावण पाताळात उतरून बळिराजाच्या भेटीस जातो अशी कथा आहे. बळी त्याला पाहून हसतो, जवळ ओढून मांडीवर बसवतो आणि येण्याचे प्रयोजन विचारतो. विष्णूने पूर्वी तुला बंधनात टाकले असे ऐकले, तेव्हा तुझी मुक्तता करण्यासाठी मी आलो आहे, असे लंकाधिपती मोठ्या डौलाने सांगतो. बळी त्यावर वाद घालीत नाही. समोर अग्नीसारखी धगधगणारी, चक्राच्या आकाराची एक वस्तू पडलेली असते. ती तेवढी उचलून माझ्याकडे आण, मग माझ्या बंधनाची हकीकत सांगतो, एवढेच तो म्हणतो. कैलासाला हात घालणारा रावण ती वस्तू उचलावयास जातो, सारी शक्ती पणाला लावतो, आणि अखेर मूळ तुटलेल्या वृक्षाप्रमाणे रक्तबंबाळ होऊन मूर्च्छित पडतो. शुद्धीवर आल्यावर लज्जेने मान खाली घालून उभ्या राहिलेल्या त्या दिग्विजयी पुरुषाला बळी सांगतो की, ज्या वस्तूने तुझी ही दशा केली ते माझ्या पूर्वजाचे, हिरण्यकशिपूचे, कानातले कुंडल होय. आणि ज्याच्या कानात असली कुंडले झुलत होती तोही आज उरलेला नाही.

बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात रामायणाची जी संशोधित आवृत्ती प्रसिद्ध केली, तिच्या मूळ संहितेत या कथेला स्थान मिळालेले नाही, आणि पाठचिकित्सेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु ज्या कोणा अज्ञात कवीने हे सर्ग रचून रामायणात घातले, त्याने एक असा प्रश्न उभा केला की जो आपल्या पुराणवाङ्मयात पुनःपुन्हा डोके वर काढतो. सत्तेने उन्मत्त झालेल्या पुरुषाला आपल्याआधी होऊन गेलेल्या उन्मत्त सत्ताधीशांचा वृत्तान्त ठाऊक असतो काय, आणि असल्यास त्यातून तो काय शिकतो? पुराणकारांचे उत्तर असे आहे की त्याला तो वृत्तान्त चांगला ठाऊक असतो, पुष्कळदा सज्जनांपेक्षाही अधिक बारकाईने ठाऊक असतो. मात्र पूर्वजांचा कारभार का बुडाला हे तो त्यात पाहत नाही, त्यांच्या सनदेत कोणते कलम राहून गेले एवढेच पाहतो.

ही सनद म्हणजे अर्थातच तपश्चर्येने मिळवलेला वर. भागवताच्या सातव्या स्कंधात हिरण्यकशिपूची कथा येते ती याच दृष्टीने वाचण्याजोगी आहे. वराहरूपी विष्णूने त्याचा भाऊ हिरण्याक्ष याला मारले, तेव्हा शोकाकुल झालेल्या दितीचे आणि भावजयीचे सांत्वन हिरण्यकशिपू स्वतः करतो. देह नश्वर आहे, आत्मा अविनाशी आहे, मृतासाठी शोक करणे हे अज्ञान आहे, असा उपदेश तो करतो, आणि उशीनर देशाच्या सुयज्ञ राजाच्या प्रेताभोवती आक्रोश करणाऱ्या आप्तांना बालरूप घेतलेल्या यमाने कसे समजावले, याचे आख्यान सविस्तर सांगतो. वेदान्ताच्या कोणत्याही अधिकारी पुरुषाला शोभेल असेच ते भाषण आहे. आणि ते संपवून हा पुरुष लगेच मंदर पर्वताच्या दरीत पायाच्या अंगठ्यावर उभा राहून, हात वर करून, अमर होण्यासाठी तपाला लागतो. अंगावर वारूळ वाढते, गवत आणि वेळू माजतात, मुंग्या त्याचे मांस आणि रक्त खाऊन टाकतात, तरी तो हलत नाही. ब्रह्मदेव प्रकट होऊन कमंडलूचे पाणी शिंपडतो, तेव्हा कुठे त्याचा देह पूर्ववत् होतो.

मग तो जो वर मागतो, त्याचा मसुदा मुरलेल्या कारकुनाने तयार करावा तसा आहे. ब्रह्मदेवाने निर्माण केलेल्या कोणत्याही प्राण्यापासून, घरात वा बाहेर, दिवसा वा रात्री, भूमीवर वा आकाशात, मनुष्याकडून वा पशूकडून, कोणत्याही शस्त्राने मृत्यू येऊ नये. भावाला एका प्राण्याने मारले, तेव्हा आपण सर्व प्राण्यांचा बंदोबस्त करावा, हा त्यामागचा विचार उघड आहे. भावाचे वर्तन कोठे चुकले, पृथ्वी रसातळाला नेण्याचा त्याला काय अधिकार होता, हा विचार त्याच्या मनाला शिवतसुद्धा नाही. नरसिंह प्रकटला तो संध्यासमयी, दाराशी, मांडीवर घेऊन, नखांनी मारणारा. म्हणजे सनदेतील प्रत्येक कलमाच्या सांध्यात जी फट होती, तिच्यातूनच मृत्यू आत आला.

रावणाचा वर याच्या पुढची आवृत्ती होय. एकेक करून नऊ मस्तके अग्नीत हवन केल्यावर दहावे कापण्याच्या क्षणी ब्रह्मदेव त्याच्यापुढे उभा राहतो, आणि रावण देव, दानव, दैत्य, यक्ष, राक्षस, नाग व गरुड या सर्वांपासून अवध्यत्व मागून घेतो. मनुष्यादी इतर प्राणी आपल्याला तृणवत् आहेत, त्यांची चिंता नाही, असे तो स्वतःच बोलून दाखवतो. देवीभागवतातील महिषासुराची चूकही याच जातीची आहे. पुरुषाच्या हातून आपल्याला मरण नको, स्त्री तर अबलाच, असे मानून त्याने वर घेतला. आणि तुळजापूरच्या भवानीसमोर आजही जे लाखो भाविक मस्तक नमवतात ते त्या हिशेबातून वगळलेल्या शक्तीच्याच विजयाला वंदन करीत असतात. वराच्या यादीत कोणाचे नाव आले याला फारसे महत्त्व नाही. ज्याला क्षुद्र समजून यादीतून वगळले त्याच्यात अत्याचारी पुरुषाचा खरा स्वभाव उमटलेला असतो, आणि त्याचा अंतही तेथूनच येतो.

कंसाची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण त्याला आपला पूर्ववृत्तान्त स्पष्ट शब्दांत सांगितला गेला होता. भागवताच्या दशम स्कंधात नारद त्याच्याकडे येतो आणि यादवकुळात देवांचे अंश अवतरले आहेत हे उघड करतो; तू स्वतः पूर्वजन्मी कालनेमी नावाचा महासुर होतास व विष्णूच्या हातून मारला गेलास, हेही कंसाला कळते. आपणच पूर्वी एकदा याच मार्गाने गेलो आणि मेलो, असे ज्ञान फारच थोड्यांच्या वाट्याला येते. कंसाने त्याचा उपयोग काय केला? वसुदेव-देवकीला बेड्या घातल्या, त्यांचे पुत्र जन्मताच मारले, आणि स्वतःचा पिता उग्रसेन याला कैदेत टाकून मथुरेची गादी बळकावली. पुढे आठव्या वेळी हातातून निसटलेली कन्या आकाशात देवीरूपाने प्रकट होते, तेव्हा हा कठोर पुरुष क्षणभर खरोखरच विरघळतो. बहीण-मेहुण्यांच्या बेड्या तोडतो, त्यांचे पाय धरतो, आपण केलेल्या बालहत्यांबद्दल अश्रू ढाळतो. पण रात्र उलटते, सकाळी मंत्रिमंडळ भरते, आणि दहा दिवसांच्या आतबाहेरची सारी बालके मारून टाकावी असा सल्ला मंत्री देतात. कंस तो मान्य करतो. भागवतकाराने हे एका रात्रीचे अंतर मोठ्या मर्मज्ञतेने ठेवले आहे. एकट्या माणसाला झालेला पश्चात्ताप दरबार भरला की टिकत नाही, हे त्याला माहीत होते.

आता पुन्हा त्या कुंडलाकडे येऊ. भागवताच्या परंपरेप्रमाणे वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय सनकादिकांच्या शापाने तीन जन्म दैत्ययोनीत गेले. पहिल्यांदा हिरण्याक्ष व हिरण्यकशिपू, दुसऱ्यांदा रावण व कुंभकर्ण, तिसऱ्यांदा शिशुपाल व दंतवक्र. माघ कवीच्या ‘शिशुपालवध’ काव्याच्या पहिल्याच सर्गात नारद द्वारकेस येऊन कृष्णाला हीच मालिका ऐकवतो, आणि शिशुपालाचा वध का आवश्यक आहे ते त्या पूर्वचरित्रांच्या आधारे पटवून देतो. ही परंपरा आणि उत्तरकांडातील ती कथा एकत्र ठेवली म्हणजे अर्थ अधिकच गहन होतो: रावणाला जे उचलता आले नाही ते त्याचे स्वतःचेच कुंडल होते, आणि ते त्याला ओळखूही आले नाही. त्रैलोक्याच्या सिंहासनावरून लंकेच्या गादीवर, आणि तेथून चेदी देशाच्या मर्यादित राज्यावर, असा या एकाच जीवाचा उतार आहे. प्रत्येक जन्मात अहंकार तेवढाच राहिला, ऐश्वर्य मात्र घटत गेले.

पूर्वजाकडे नीट पाहणारे पुरुष त्या कुळात झालेच नाहीत असे मात्र नाही. नरसिंहाची स्तुती करताना प्रल्हाद म्हणतो त्याचा आशय असा की, ज्याच्या भुवईच्या एका हालचालीने लोकपालांचे वैभव नाहीसे होत असे त्या माझ्या पित्याचाही अंत मी डोळ्यांनी पाहिला, तेव्हा आयुष्य, संपत्ती वा ब्रह्मदेवाचे पदही मला नको. आणि तरीही त्याच दैत्यांच्या सिंहासनावर बसून त्याने राज्य केले. वडिलांच्या अंतातून सनदेची दुरुस्ती न शोधता राज्याची मर्यादा ओळखणारा हा पहिला राजा. त्याचा नातू बळी तर आपल्या लोकमानसात आदर्श राजाच होऊन बसला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला घरोघर ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणणारी महाराष्ट्रातील माऊली त्याला दुष्टांच्या यादीत घालीत नाही, आणि १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त त्याला कपटाने बुडवलेला न्यायी राजा म्हणूनच उभे केले. कोणाला अंधाराचा राजा म्हणावे हे पोथी लिहिणाराच्या हाती असते, हा फुल्यांचा आक्षेप विसरून पुराणे वाचता येणार नाहीत. पाताळात रावणाला शहाणपण सांगावयास कवीने नेमका बळीच निवडावा, यात मोठे औचित्य आहे. रावणाने मात्र ते ऐकूनही घेतले ते एवढेच की, बळीच्या दारात उभा असलेला पुरुष प्रत्यक्ष विष्णू आहे. आणि तो तत्काळ शस्त्र उगारून त्याच्यावर धावला.

महाराष्ट्रात या कथा पंडितांपुरत्या कधीच राहिल्या नाहीत. श्रीधरांनी १७०२ साली ‘हरिविजय’ आणि १७०३ साली ‘रामविजय’ हे ओवीबद्ध ग्रंथ पुरे केले, आणि पुढे चातुर्मासात गावच्या देवळात त्यांचे पारायण लावण्याची रीतच पडून गेली. पाटील, कुळकर्णी, जोशी, महार, बलुतेदार अशी ज्याची त्याची पायरी सांभाळून बसलेला तो श्रोतृवर्ग कंसाचा कारभार ऐकताना आपल्या काळच्या अंमलदारांना मनात आणीत नसेल, असे मानणे कठीण आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, आणि त्यांच्या पठडीतील नाटकांत राक्षस ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकून रंगभूमीवर येऊ लागला. तो राक्षस अद्याप दूरच्या युगातला होता. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ आले तेव्हा ते अंतर संपले. विराटाच्या दरबारात राजाचा मेहुणा म्हणून अरेरावी करणाऱ्या त्या सेनापतीच्या भाषणात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झनचा आवाज ऐकू आला, आणि द्रौपदीच्या विटंबनेत स्वतःच्या देशाची.

सरकारलाही तो आवाज ऐकू आला. १९१० साली या नाटकावर बंदी आली. परक्या अमलातील हुशार अधिकाऱ्यांनी एका पौराणिक दुर्जनाचे चरित्र वाचले, त्यातले साम्य ओळखले, आणि राज्यकारभार सुधारण्याऐवजी प्रयोगच बंद केला. कंसाच्या मंत्र्यांनी सकाळच्या दरबारात दिलेल्या सल्ल्यापेक्षा हा निर्णय वेगळा नव्हता. मसुद्यातील फट बुजवली म्हणजे मृत्यू टळतो, ही समजूत येथेही तशीच कायम होती. आणि तिचा परिणामही सदतीस वर्षांनी तोच झाला.

इतिहास न वाचल्यामुळे राजे चुकतात, असे आपण सहज म्हणून जातो. पुराणांचा अनुभव याच्या उलट आहे. हिरण्यकशिपूला वेदान्त पाठ होता, रावण शास्त्रज्ञ होता, कंसाला पूर्वजन्म ठाऊक होता. पूर्वीच्या अत्याचाऱ्यांच्या नाशाची कथा त्यांनी एखाद्या दुर्दैवी पूर्वाधिकाऱ्याचे दप्तर चाळावे तशी वाचली, आणि त्यात स्वतःच्या सुरक्षिततेपलीकडे काही शोधले नाही. ज्या प्रजेवर राज्य केले तिचे काय झाले, हा रकाना त्यांनी उघडलाच नाही. म्हणून सत्ता हाती असलेल्या प्रत्येकाने, मग ती राज्याची असो, संस्थेची असो वा घरातल्या वडीलपणाची असो, ही चरित्रे वाचताना प्रथम तोच रकाना पाहावा. कोणाला आपण तृणवत् मानून हिशेबातून वगळले आहे, हे स्वतःला विचारावे. प्रल्हादाने ते केले, आणि पित्याच्याच सिंहासनावर बसूनही तो पित्यासारखा झाला नाही.