कॅमेऱ्याच्या बाह्य फ्लॅशचे विद्युत घट

कॅमेऱ्याच्या डोक्यावरील हॉट शूमध्ये बसवल्या जाणाऱ्या किंवा कॅमेऱ्यापासून दूर ठेवून वापरल्या जाणाऱ्या फ्लॅशला ऊर्जा पुरवणाऱ्या घटांना बाह्य फ्लॅशचे विद्युत घट म्हणतात. बोलीभाषेत त्यांना ‘सेल’ व फ्लॅशला ‘फ्लॅशगन’ किंवा नुसते ‘गन’ असे म्हटले जाते. बहुतेक फ्लॅशमध्ये एए आकाराचे, म्हणजे १४.५ मिमी व्यासाचे व ५०.५ मिमी उंचीचे चार पेन्सिल सेल लागतात. आकार एकच असला तरी त्या आकारात निरनिराळ्या रसायनांचे घट मिळतात, आणि फ्लॅशचे काम कसे होईल हे आकारापेक्षा रसायनावर अधिक ठरते.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात कृत्रिम प्रकाशासाठी मॅग्नेशियमची पूड पेटवली जाई. १९२९ साली जर्मनीत फ्लॅश बल्ब बाजारात आले. मात्र प्रत्येक बल्ब एकदाच वापरता येई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत हॅरल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास वायूने भरलेल्या नळीतून पुनःपुन्हा लखलखाट घडवणारे विद्युत साधन विकसित केले. आजच्या फ्लॅशचे मूळ त्यात आहे. ट्रान्झिस्टर येण्यापूर्वीच्या फ्लॅशसाठी खांद्याला अडकवण्याची शिसे-आम्ल बॅटरी किंवा ५१० व्होल्टची उच्च विभवाची कोरडी बॅटरी बाळगावी लागे. ट्रान्झिस्टर मंडलांमुळे साध्या पेन्सिल सेलच्या काही व्होल्टपासून शेकडो व्होल्ट मिळवता येऊ लागले व बॅटरी फ्लॅशच्या पोटात गेली. १९७० च्या दशकात लोकप्रिय झालेला व्हिव्हिटार २८३ हा चार पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश या बदलाचे ठळक उदाहरण होय.

कार्यपद्धती व ऊर्जेची गरज

घटांचे विभवांतर मंडलाद्वारे वाढवून सुमारे ३०० ते ३३० व्होल्टपर्यंत नेले जाते व ती ऊर्जा धारित्रात साठवली जाते. बटण दाबताच ती झेनॉन वायूच्या नळीतून सेकंदाच्या अत्यल्प भागात मुक्त होते. धारित्र भरताना जुन्या फ्लॅशमधून येणारा बारीक, चढत जाणारा ‘चीं’ आवाज याच मंडलाचा असतो. १,४०० मायक्रोफॅरड धारित्र ३३० व्होल्टपर्यंत भरले, तर त्यात सुमारे ७६ ज्यूल ऊर्जा साठते. पूर्ण शक्तीच्या प्रत्येक लखलखाटानंतर एवढी ऊर्जा घटांना काही सेकंदांत पुन्हा पुरवावी लागते. भिंतीवरच्या घड्याळाला वर्षभर पुरणारा सेल फ्लॅशमध्ये निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. घड्याळाला अगदी क्षीण विद्युतधारा पुरते, तर फ्लॅशला एकदम काही अँपिअर धारा हवी असते.

येथे घटाचा अंतर्गत रोध निर्णायक ठरतो. चार अल्कलाइन घट एकसर जोडले असता ६ व्होल्ट मिळतात. प्रत्येकाचा अंतर्गत रोध ०.२ ओहम धरला व ४ अँपिअर धारा घेतली, तर ३.२ व्होल्ट घटांमध्येच खर्ची पडतात आणि मंडलाला जेमतेम २.८ व्होल्ट उरतात. निकेल-मेटल हायड्राइड घट १.२ व्होल्टचे असल्याने चारांची बेरीज ४.८ व्होल्टच भरते. परंतु त्यांचा रोध ०.०३ ओहमच्या आसपास असल्यास तेवढ्याच धारेला ४.३ व्होल्ट शिल्लक राहतात. लेबलवरचा मोठा आकडा पाहून अल्कलाइन घट अधिक जोरकस समजला जातो, तो समज फ्लॅशच्या बाबतीत चुकीचा आहे. निकॉनच्या एसबी-९०० या फ्लॅशला पूर्ण शक्तीनंतर पुन्हा सज्ज होण्यास अल्कलाइन घटांवर सुमारे ४ सेकंद, तर निकेल-मेटल हायड्राइड घटांवर सुमारे २.३ सेकंद लागतात.

घटांची निवड

जस्त-कार्बन घट (आर६) सर्वांत स्वस्त व खेड्यापाड्यांत सहज मिळणारे आहेत, पण फ्लॅशसाठी ते घेऊ नयेत. अल्कलाइन घट (एलआर६) अडीअडचणीला चालतात. ते अनेक वर्षे साठवता येतात. मात्र वापर वाढतो तसा सज्ज होण्याचा वेळ लांबत जातो, आणि संपलेले घट आत राहिल्यास त्यांतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरून संपर्कपट्ट्या गंजतात.

व्यावसायिकांची पहिली पसंती निकेल-मेटल हायड्राइड घटांना (एचआर६) असते. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने एनेलूप या नावाने कमी स्वयंविसर्जनाचे घट आणले, तेव्हापासून या प्रकारातील मोठा दोष दूर झाला. त्याआधीचे घट न वापरताही महिन्याभरात बराच भार गमावत. नव्या प्रकारचे घट वर्षभरानंतरही बहुतांश भार टिकवतात. त्यांची क्षमता सहसा १,९०० ते २,००० मिलिअँपिअर-तास असते. २,५०० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे घटही मिळतात. परंतु अधिक क्षमतेच्या घटांचे आयुष्य, म्हणजे भारणाच्या आवर्तनांची संख्या, बहुधा कमी असते. २,००० मिलिअँपिअर-तासांच्या चार घटांत सुमारे ३४,५०० ज्यूल ऊर्जा असते. निम्मी ऊर्जा मंडलात वाया गेली असे धरले तरी ७० ज्यूलचे दोनशेच्या वर लखलखाट मिळावेत. प्रत्यक्षात हा आकडा त्याहून थोडा कमी भरतो. निम्म्या किंवा चतुर्थांश शक्तीवर काम केल्यास मात्र संख्या त्या प्रमाणात वाढते.

पुन्हा भारित न होणारे लिथियम घट (एफआर६) हलके व थंडीत उपयुक्त असतात. तथापि जलद वापरात ते तापू शकतात व काही उत्पादक आपल्या फ्लॅशमध्ये त्यांचा वापर करू नये असे बजावतात. १.६ व्होल्टचे निकेल-जस्त घट फ्लॅश वेगाने सज्ज करतात. तेवढ्याच वेगाने नळी व मंडल तापवतात. सर्वांत धोकादायक गोंधळ १४५०० या लिथियम-आयन घटाबाबत होतो. तो एए घटाएवढाच दिसतो, पण त्याचे विभवांतर ३.७ व्होल्ट असते. असे चार घट बसवल्यास सहाच्या जागी जवळपास १५ व्होल्ट मिळून फ्लॅश जळू शकतो.

अलीकडे अनेक फ्लॅश स्वतःच्या लिथियम-आयन संचासह येतात. गोडॉक्सच्या व्ही८६०-२ या फ्लॅशचा संच ११.१ व्होल्ट व २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा असून उत्पादकाच्या म्हणण्यानुसार त्यावर पूर्ण शक्तीचे सुमारे ६५० लखलखाट मिळतात. हा संच संपल्यावर दुकानातून पेन्सिल सेल आणून काम भागवता येत नाही, त्यामुळे दुसरा भारित संच जवळ असणे आवश्यक ठरते.

घट बसवणे

फ्लॅश बंद करूनच झाकण उघडावे. धन व ऋण अग्रांच्या खुणा आतल्या भागावर किंवा झाकणावर असतात. बहुसंख्य फ्लॅशमध्ये लगतचे घट उलटसुलट दिशेने बसतात व स्प्रिंग असलेल्या टोकाला घटाचे सपाट ऋण अग्र येते. चारही घट एकाच कंपनीचे, एकाच क्षमतेचे, एकाच वेळी घेतलेले व एकत्र भारित केलेले असावेत. एकसर जोडणीत सर्व घटांतून सारखीच धारा वाहते. त्यांतील एक दुबळा असेल तर तो आधी रिकामा होतो आणि उरलेले तीन त्याच्यातून उलट दिशेने विभव लादतात. असा घट कायमचा बिघडतो. यासाठी घटांवर कायम शाईने संच क्रमांक व खरेदीचा महिना लिहिण्याची पद्धत उपयोगी आहे.

संपर्कपट्ट्यांवर पांढरट थर दिसल्यास घट काढून, व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात किंचित भिजवलेल्या कापसाने तो पुसावा व जागा पूर्ण कोरडी करावी. फ्लॅशचे आवरण मात्र घरी उघडू नये. घट काढल्यानंतरही धारित्रात प्राणघातक ठरू शकणारा भार शिल्लक असतो.

तपासणी

व्होल्टमापकाचा उपयोग मर्यादित आहे. नव्या अल्कलाइन घटाचे वाचन सुमारे १.६ व्होल्ट येते व १.३ च्या खाली गेलेला घट फ्लॅशला पुरत नाही. निकेल-मेटल हायड्राइड घट मात्र बहुतांश काळ १.२ व्होल्टच्या आसपासच राहतो, त्यामुळे नुसत्या वाचनावरून अर्धा भरलेला व जवळजवळ संपलेला घट वेगळे ओळखता येत नाहीत.

खरी परीक्षा फ्लॅशमध्येच होते. शक्ती हाताने पूर्णवर ठेवून लखलखाट करावा व सज्जतेचा दिवा लागेपर्यंतचे सेकंद मोजावेत. ताज्या घटांवरचा वेळ लक्षात ठेवून तो दुप्पट झाला की संच बदलावा. कित्येक फ्लॅशमध्ये धारित्र पूर्ण भरण्याआधीच हा दिवा लागतो. दिवा लागताक्षणी घेतलेली छायाचित्रे एखाद्या मालिकेत काळवंडलेली येतात ती त्यामुळे. लग्नात अंतरपाट दूर होऊन हार घातले जातात तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो आणि तो पुन्हा घडवला तरी तसा येत नाही. म्हणून मंगलाष्टके संपण्याच्या आधीच, फ्लॅश सुस्तावण्याची वाट न पाहता, नवा संच घालणे श्रेयस्कर.

उष्ण हवामान

वर्धा जिल्ह्यातील आर्वी व एकूणच विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि लग्नसराईही त्याच दिवसांत असते. उष्णतेने निकेल-मेटल हायड्राइड घटांचे स्वयंविसर्जन वाढते व भारणाची कार्यक्षमता घटते. उन्हात उभ्या मोटारीत किंवा मांडवातील पत्र्याखाली घट ठेवू नयेत. रात्री किंवा पहाटे, प्रत्येक घट स्वतंत्रपणे तपासणाऱ्या चार्जरवर ते भारित करावेत. ओळीने पूर्ण शक्तीचे लखलखाट केल्यास घट, धारित्र व नळी तिन्ही तापतात. एसबी-९०० मध्ये अशा वेळी फ्लॅश आपोआप बंद पाडणारी व्यवस्था आहे. तिची छायाचित्रकारांत तक्रार असली तरी बंद पडलेला फ्लॅश थंड होतो, वितळलेली नळी दुरुस्त होत नाही.

वन्यजीव छायाचित्रण

याच जिल्ह्यात, आर्वीच्या पूर्वेला, २०१४ साली घोषित झालेला बोर व्याघ्र प्रकल्प आहे. व्याघ्रगणनेत प्राण्याच्या हालचालीने आपोआप चालणारे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर लावतात, कारण वाघाच्या दोन कुशींवरील पट्टे वेगवेगळे असतात. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत असे कॅमेरे २६,८३८ ठिकाणी लावले गेले व ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. यांपैकी झेनॉन फ्लॅशच्या कॅमेऱ्यांत रात्रीचे पट्टे अवरक्त कॅमेऱ्यांपेक्षा स्पष्ट येतात, पण घट लवकर खर्च होतात. जोडीतील एका कॅमेऱ्याचे घट उतरले तर वाघाची एकच कूस नोंदवली जाते आणि ओळख अपुरी राहते. येथे जलद सज्ज होण्यापेक्षा अनेक दिवस देखरेखीविना भार टिकण्याला महत्त्व असते.

साठवण व विल्हेवाट

फ्लॅश काही आठवडे वापरायचा नसल्यास घट काढून ठेवावेत. तरीही महिन्यातून एकदा घट घालून चार-पाच लखलखाट करणे धारित्रासाठी हितकारक असते. सुटे घट किल्ल्या व नाण्यांसोबत खिशात टाकल्यास लघुमंडल होऊन ते तापतात. प्लॅस्टिकच्या डबीत ते सुरक्षित राहतात. विमानप्रवासात सुटे लिथियम-आयन संच हातातील सामानातच न्यावे लागतात. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ग्राहकाने त्या घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या ठेवून संकलन करणाऱ्यांकडे द्याव्यात.